एका फायलीचा फरक

मी फाईल बंद करत नाही. घरातले लोक ह्याला आळस म्हणतात, मी धोरण म्हणतो. आवरून ठेवलेली वस्तू डोळ्याआड होते आणि डोळ्याआड झालेली वस्तू मेली, असा माझा जन्माचा अनुभव आहे. एक चांगली, मूठ न तुटलेली छत्री मी एकदा नीट आवरून ठेवली होती. त्यानंतर तिचं दर्शन नाही. टेबलावर पसरलेली वस्तू मात्र कधी हरवत नाही. फार तर तिच्यावर चहा सांडतो.

माझा धंदा लिहिण्याचा आहे, पण त्यामुळे कोणी सत्कार वगैरे करेल अशातला नाही. मी घरगुती उपकरणांच्या माहितीपुस्तिका लिहितो. ‘यंत्र चालू करण्यापूर्वी झाकण नीट बसले आहे याची खात्री करा’ हे वाक्य माझं आहे. तुम्ही ते वाचलं नसेल. कोणीच वाचत नाही. लोक आधी यंत्र चालू करतात, मग भिंत पुसतात आणि मग कंपनीला शिव्या देतात. तरी मी लिहितो.

हे लिहायला मी जो एडिटर वापरतो तो अगदी गरीब स्वभावाचा आहे. त्यात अक्षरं ठळक होत नाहीत, चित्रं घालता येत नाहीत. पांढरा पडदा, त्यावर अक्षरं आणि डाव्या हाताला उघड्या फायलींची यादी, एवढाच त्याचा संसार. ही यादी सुरुवातीला चार ओळींची होती. मग ती पडद्याच्या तळाला टेकली. मग तळाखाली गेली, आणि तिच्या बाजूला वरखाली करायची पट्टी आली. पुढे ती पट्टी इतकी बारीक झाली की बोटाने नेम धरावा लागे. बहुतेक फायलींना नाव नव्हतं. एडिटरने आपल्या मनाने त्यांना ‘अनामिक १’, ‘अनामिक २’ असे आकडे दिले होते. मला त्याची कधी अडचण झाली नाही, कारण मला जागा पाठ होत्या. पंप वरून तिसरा. त्याच्याखाली वीजबिलाची तक्रार. मग दाढ. दाढेच्या फायलीत एकच ओळ होती : ‘दाढ दाखवणे, उद्या नक्की.’ ती फाईल उघडी असल्यामुळे दाढेचं काम चालू आहे असं मला वाटत असे, आणि दाढेलाही बहुधा तसंच वाटत असावं, कारण ती अधूनमधूनच दुखायची.

कॉम्प्युटर मी कधी बंद करत नसे, निजवत असे. बंद केला तर ह्या सगळ्या अनामिकांचं काय होईल ह्याचा विचारही नको वाटायचा.

ह्यातली एक फाईल माझी नव्हती, बायकोची होती. तीन वर्षांपूर्वी एका दुपारी ती माझ्या खुर्चीवर बसली आणि तिने चार ओळी लिहिल्या. ती वकिलाच्या कचेरीत टंकलेखनाचं काम करायची. माझ्याशी भांडता भांडता, खाली न बघता, दहाही बोटांनी आख्खा करारनामा उतरवण्याची तिची ताकद आहे. तिला स्वतःचा टंकलेखनाचा वर्ग काढायचा होता. त्या वर्गाच्या पाटीचा तो मजकूर : ‘टंकलेखन शिकवले जाईल. मुलांना, मोठ्यांना, म्हाताऱ्यांनाही. दहाही बोटांनी, खाली न बघता. वेळ :’ एवढं लिहून झालं आणि फोन आला की तिचे वडील जिन्यावरून पडले. उठता उठता ती मला म्हणाली, “ही उघडीच असू दे हं, संध्याकाळी पूर्ण करते.”

सासऱ्यांचं कंबरेचं हाड मोडलं होतं. ते आमच्याकडे राहायला आले. हाड जुळलं, सासरे राहिले, आणि ती संध्याकाळ काही आली नाही. पण मला सांगितलं होतं उघडी असू दे, म्हणून मी ठेवली. ह्या बाबतीत मी शब्दाचा पक्का आहे.

तर एका रविवारी सकाळी चहाचा कप माझ्यासमोर ठेवत ही म्हणाली, “शनिवारी अकरा वाजता माझा पहिला विद्यार्थी येतोय.”

“कसला विद्यार्थी?”

“टंकलेखनाचा. समोरच्या इमारतीतले दंतवैद्य. त्यांचं अक्षर औषधवाल्याला लागत नाही म्हणे. म्हटलं, मी शिकवते. त्यांनी आणखी तिघांना सांगितलंय.”

मी अभिनंदन केलं. खरंच मनापासून केलं. पण ही माझ्याकडे बघत होती ते अभिनंदनासाठी नव्हे.

“मशीन एकच आहे आपल्या घरात,” ती म्हणाली. “आणि माणसाला शिकायचं तर समोर कोरा पडदा लागतो. डावीकडे ही एवढी जत्रा बघून तो बिचारा पळून जाईल. शनिवारच्या आत ती यादी रिकामी करा.”

“सगळी?”

“जगाला झाकणं बंद करायला सांगता ना? मग स्वतःची करा.”

हे वाक्य लागलं. पण मी शांतपणे म्हणालो, “त्यात काय, एक सकाळ पुरे.” अशी वाक्यं मी माझ्या पुस्तिकांतही लिहितो. ‘जोडणी अत्यंत सोपी आहे.’

चहा संपवून मी बसलो आणि पहिल्याच फायलीच्या फुलीवर टिचकी मारली. लगेच पडद्याच्या मधोमध एक चौकोन आला : ‘जतन करायचे का?’ खाली तीन बटणं. हो, नाही, रद्द. आता ‘हो’ म्हणावं तर तो पुढे विचारतो, कोणत्या नावाने? ‘नाही’ म्हणावं तर ती फाईल कायमची गेली. आणि मला सांगा, तीन दिवसांपूर्वीची असो की तीन वर्षांपूर्वीची, आपण स्वतःच्या हाताने लिहिलेल्या ओळीला तोंडावर ‘नाही’ म्हणणं काय सोपं आहे? राहिलं ‘रद्द’. ज्याने हे तिसरं बटण काढलं तो माणूस नक्की आपल्यासारखा संसारी असणार. हो नाही, नाही नाही, जैसे थे. मी रद्द दाबलं. दुसरी फाईल घेतली, रद्द दाबलं. जेवायची हाक आली तेव्हा मी यादीच्या तळाला पोचलो होतो, आणि यादी जिथल्या तिथे होती.

“किती झाल्या?” हिने विचारलं.

“सगळ्या डोळ्यांखालून घातल्या,” मी म्हणालो. हे खोटं नव्हतं.

संध्याकाळी वरच्या मजल्यावरचे ग्रंथपाल आले. ते निवृत्त आहेत, पण अजूनही कोणाच्या घरी गेले की आधी पुस्तकांच्या पाठी वाचतात आणि मग माणसाच्या तोंडाकडे बघतात. आमची अडचण त्यांना जिन्यातच कळली होती. आमच्या इमारतीत अडचण जिन्याने जाते आणि सल्ला जिन्याने येतो.

“तुमचा प्रश्न फायलींचा नाहीच,” ते खुर्ची ओढून म्हणाले. “वर्गीकरणाचा आहे. प्रत्येकीला विभाग द्या, नाव द्या आणि जतन करा. मग बंद करायला भीती कसली? आता ही दाढ. ही शरीरशास्त्रात जाईल.”

“आणि पंप?”

“तंत्रज्ञान.”

“आणि हिच्या मावशीला लिहायचं राहिलेलं पत्र?”

“किती दिवस राहिलंय?”

मी सांगितलं.

“मग इतिहास,” ग्रंथपाल म्हणाले.

आणि बोलता बोलता, मला न विचारता, त्यांनी यादीच्या माथ्यावर कुठेतरी टिचकी मारली. क्षणात सगळी यादी अकारविल्हे लागली. आता आमच्यासारख्यांना वाटेल की एकानंतर दोन येतो. कॉम्प्युटरला तसं वाटत नाही. त्याने ‘अनामिक १’च्या खाली ‘अनामिक १०’ बसवला, मग ११, मग १२, आणि ‘अनामिक २’ कुठे तर पार खाली, परक्यांच्या शेजारी. माझा पंप दिसेना. वीजबिल दिसेना. आपलंच घर, पण रात्रीत कोणीतरी भिंती फिरवल्या असं मला झालं. मी हात लांब करून ‘पूर्ववत’ दाबलं. तर ते त्या यादीला लागूच नव्हतं. त्यामुळे पंपाच्या पुस्तिकेतला शेवटचा परिच्छेद तेवढा गेला.

“बघा, किती स्वच्छ दिसतंय,” ग्रंथपाल म्हणाले आणि चहा घेऊन वर गेले.

सोमवारी प्रकरण सासऱ्यांनी हातात घेतलं. सासरे हिशेबतपासनीस होते. चाळीस वर्षं त्यांनी निरनिराळ्या कार्यालयांतली कपाटं, खुर्च्या आणि पंखे मोजले, आणि पंखे कमी भरले म्हणून तीन वरिष्ठांना घाम फोडला. आमच्याकडे आल्यापासून त्यांना मोजायला काही उरलं नव्हतं. ते काठी टेकत आले आणि माझ्या मागे बसले.

“जावईबापू, एकही फाईल बंद करायची नाही,” ते म्हणाले.

मला ते देवमाणूस वाटले.

“आधी यादी करायची. काय आहे ते कागदावर आल्याशिवाय काय नाही ते कळणार कसं?”

“पण बाबा, ती डावीकडे आहे ती यादीच आहे.”

“ती मशीनने केलेली. मशीनवर सही असते का?”

मी नवीन फाईल उघडली, तिला ‘उघड्या फायलींची यादी’ असं नाव दिलं, सासरे एकेक वाचत गेले आणि मी लिहीत गेलो. माझ्या आयुष्यातली नाव देऊन जतन केलेली ही पहिली फाईल. जेवणं लांबली, पण यादी झाली. सासऱ्यांनी ती छापून घेतली आणि शेवटचा आकडा मोठ्याने वाचला : सत्त्याऐंशी. मग त्यांनी चष्मा पुसून पडद्याच्या खालच्या कोपऱ्यात पाहिलं. तिथे एडिटर स्वतःच उघड्या फायलींचा आकडा दाखवतो. तो होता अठ्ठ्याऐंशी.

सासऱ्यांचा चेहरा उजळला. गेल्या तीन वर्षांत मी त्यांना इतकं आनंदी पाहिलं नव्हतं.

“एक जास्त आहे,” ते हळूच म्हणाले. “घुसलीय कुठूनतरी.”

आम्ही परत मोजलं. ते वाचत, मी टिंबं देत; मग मी वाचत, ते टिंबं देत. फरक एकाचाच. मंगळवारी ग्रंथपाल आले, तिघांनी मिळून मोजलं; पहिल्यांदा दोनांचा फरक आला, मग ग्रंथपाल वरमून चष्मा बदलून आले आणि पुन्हा एकाचा आला. शेवटी कॉम्प्युटरवाल्याला बोलावलं. तो आला, उभ्या उभ्याच पडद्याकडे पाहिलं आणि म्हणाला, “एकदा बंद करून चालू करा.”

आम्ही तिघेही एकदम ओरडलो. त्याने दचकून हात मागे घेतला. “मग व्हायरस असेल,” असं म्हणून तो जो गेला तो गेलाच.

स्वयंपाकघरातून ही हात पुसत आली. एकदा पडद्याकडे, एकदा सासऱ्यांच्या कागदाकडे बघितलं आणि म्हणाली, “अहो बाबा, ती यादी लिहिलीत ना, तीच एक फाईल आहे की. ती यादीत लिहिलीच नाहीत तुम्ही.”

मला तर हसूच फुटत होतं, पण सासऱ्यांनी काठी जमिनीवर आपटली.

“यादी ही फाईल नाही,” ते म्हणाले. “यादी ही यादी आहे. कपाटातल्या वस्तू मोजताना नोंदवही कोणी वस्तूंत धरत नाही. चाळीस वर्षांत धरली नाही, आता धरणार नाही. फरक आहे तो आहे. शोधू.”

“शोधा,” ही म्हणाली. “शनिवार विसरू नका.” आणि ती गेली. जाताना तिने माझ्याकडे बघितलंही नाही. तिला राग आला की ती बोलते. बघणं बंद झालं की मात्र वाईट वाटलेलं असतं. हे मला कळतं. कळून काही करता येत नाही, ही गोष्ट वेगळी.

बुधवारी इमारतीच्या फाटकावर कागद लागला. केबलच्या दुरुस्तीसाठी शुक्रवारी सकाळी दहापासून वीज बंद. खाली सही, शिक्का, सहकार्याची विनंती. कागद मी दोनदा वाचला. आमच्या कॉम्प्युटरखाली वीज गेल्यावर आधार म्हणून बॅटरीचा एक डबा आहे. पूर्वी तो चांगला तग धरायचा. आता ‘अरे, वीज गेली’ एवढं म्हणून होईपर्यंत टिकतो.

म्हणून गुरुवारी मी वीज कचेरीत गेलो. माझं म्हणणं साधं होतं : केबल सोमवारी दुरुस्त करा. पहिल्या काउंटरवर ‘चौकशी पलीकडे’ अशी पाटी होती. पलीकडच्या काउंटरवर ‘चौकशी अलीकडे’ अशी पाटी होती. मी मधोमध उभा राहिलो, तेव्हा मधल्या बाईंनी मान वर केली.

“काय काम आहे?”

“उद्याचा वीजबंद पुढे ढकलायचा होता.”

“रुग्ण आहे का घरी? मशीनवर वगैरे?”

“मशीनवर आहे,” मी म्हणालो. “रुग्ण नाही. फायली आहेत. उघड्या.”

“मग बंद करा.”

“तोच तर प्रश्न आहे, बाई.”

त्यांनी माझ्याकडे नीट पाहिलं. असल्या नजरेने माझ्याकडे ह्यापूर्वी फक्त माझ्या शाळेतल्या मास्तरांनी पाहिलं होतं. मग त्या शेजारच्या टेबलावरच्या गृहस्थांना म्हणाल्या, “ह्यांच्या फायली बंद होत नाहीत म्हणे.” ते गृहस्थ आपल्या टेबलावरच्या ढिगामागून म्हणाले, “आमच्या तरी कुठे होतात?” सगळ्या कचेरीत मला समजणारा तो एकच माणूस निघाला, पण त्याच्या हातात काही नव्हतं.

“अर्ज द्या,” बाई म्हणाल्या. “टाइप केलेला. कारण सविस्तर लिहा. साहेब सोमवारी येतील.”

“पण वीज उद्या जाणार.”

“म्हणून तर लवकर द्या.”

मी तडक घरी आलो, एडिटरमध्ये नवीन फाईल उघडली आणि अर्ज लिहायला बसलो. ‘कारण’ ह्या शब्दापर्यंत आलो तेव्हा मागून सासऱ्यांचा आवाज आला, “जावईबापू, आता दोनांचा फरक आला!”

अर्ज तिथेच राहिला. अर्थात उघडा राहिला. सासऱ्यांनी कुरकुरत तो आपल्या यादीत चढवला.

संध्याकाळी ग्रंथपाल खाली आले आणि आम्ही तिघांनी आघाडी उघडली : प्रत्येक फायलीला नाव देऊन जतन करायचं. ग्रंथपालांनी विभाग सांगायचा, सासऱ्यांनी कागदावर खूण करायची, मी फायलीतली पहिली ओळच नाव म्हणून घालून ‘हो’ दाबायचं. काम झपाट्याने चाललं. शरीरशास्त्र, तंत्रज्ञान, तंत्रज्ञान, इतिहास, तंत्रज्ञान. असं करत आम्ही हिच्या फायलीपाशी आलो.

“टंकलेखनाचा वर्ग,” ग्रंथपाल म्हणाले. “शिक्षण.”

“छे, व्यवसाय,” सासरे म्हणाले. “फी घेणार ना ती?”

“फी तर शाळाही घेतात. शाळा काय दुकान झाली?”

“माझी मुलगी आहे. मला माहीत ती काय काढतेय.”

“विभाग नात्यावर ठरत नसतात!”

दोघे उभे राहिले. सासरे काठीवर आणि ग्रंथपाल तत्त्वावर. मी मध्ये पडून म्हणालो की ही एक राहू द्या. दोघांनाही वाटलं की मी दुसऱ्याची बाजू घेतली, आणि दोघेही माझ्यावर रुसले. खरं म्हणजे ‘पाटी’ असं काहीही नाव देऊन मी ती जतन करू शकलो असतो. पण ती अर्धी होती आणि तिची होती. तिला नाव मी का द्यायचं? मी ती फाईल बोटाने ओढत यादीच्या अगदी तळाशी नेली, म्हणजे निदान मला तरी सापडेल.

शुक्रवारी सकाळी दहा वाजत आले तसा मला चैन पडेना. सत्त्याऐंशी जतन केल्या होत्या, पण जीव होता तो तळच्या एकीत. शेवटी मी एका जुन्या पुस्तिकेचं मागचं पान काढलं आणि त्यावर त्या चार ओळी हाताने उतरवून घेतल्या. त्या पानावर ‘टिपणांसाठी जागा’ असं मीच छापायला देत असतो. त्या जागेचा उपयोग करणारा जगातला पहिला ग्राहक बहुधा मीच. कागद घडी घालून खिशात ठेवला आणि वीज गेली. “अरे, वीज—” एवढंच म्हणून झालं.

दुपारी वीज आली. आम्ही तिघे मशीनसमोर दाटीवाटीने उभे. ग्रंथपाल आणि सासरे एकमेकांशी बोलत नव्हते, पण माझ्या डोक्यावरून बघत होते. एडिटर उघडला. त्याने नम्रपणे एक निवेदन केलं : मागच्या वेळी आपलं काम अचानक थांबलं, तरी काळजी नसावी, आपली एकही ओळ गेलेली नाही. मी डोळे मिटून उसासा सोडला. उघडले तो यादी आपली उतरतच होती. आम्ही जतन केलेली प्रत्येक फाईल आली होती. शिवाय त्या प्रत्येकीची ‘वाचवलेली प्रत’ म्हणून एकेक जुळी बहीण तिच्या खाली उभी होती. दोन पंप. दोन वीजबिलं. दोन दाढा. दुहेरी झाली नव्हती ती फक्त तळची एक, कारण ती कोणी जतनच केली नव्हती. मी खिशातला कागद चाचपला आणि खुर्चीत बसलो.

म्हणजे जो एडिटर स्वतःहून सगळं सांभाळत होता त्याच्यासाठी मी वीज कचेरीत माझी अब्रू घालवून आलो होतो.

सासऱ्यांनी बाह्या सरसावल्या आणि नवीन यादी केली. रात्रीच्या जेवणाआधी त्यांनी निकाल जाहीर केला : आकडा दुपटीवर गेला, फरक मात्र जुनाच आहे. एक. “चिवट आहे,” ते कौतुकाने म्हणाले.

जेवताना ही ताटाकडेच बघत होती. मीच म्हणालो, “उद्या सकाळी लवकर उठून...”

“झोपा आता,” ती म्हणाली.

शनिवारी अकराला दंतवैद्य आले. स्वच्छ शर्ट, खिशाला पेन, आणि पहिल्या दिवशी शाळेत आलेल्या मुलासारखा चेहरा. मी दारातच माफी मागायच्या तयारीत होतो. वर्ग पुढे ढकलावा लागेल, तांत्रिक कारण, असं वाक्यही जुळवून ठेवलं होतं. पण ते थेट मशीनसमोर जाऊन बसले आणि त्यांची नजर यादीवर गेली.

“अरे वा,” ते म्हणाले. “दाढ दाखवणे, उद्या नक्की. कोणाची ही?”

सासऱ्यांनी काठी माझ्याकडे रोखली.

“आणि दोनदा?” दंतवैद्य म्हणाले. “दुसऱ्या बाजूचीही आहे का?”

मी तोंड मिटून घेतलं. तेवढ्यात ही आली, त्यांच्या शेजारी उभी राहिली, वरच्या मेनूत कुठेतरी टिचकी मारली आणि माझ्या डोळ्यांदेखत माझी सगळी जत्रा मागे गेली. पुढे एक नवीन, स्वच्छ खिडकी उघडली. पांढरीशुभ्र. डावीकडे काही नाही.

“हे... हे आधीपासून होतं?” मी विचारलं.

“‘नवीन खिडकी’. मेनूत दुसऱ्याच ओळीला आहे.”

“मग आठवडाभर बोलली का नाहीस?”

“म्हटलं, ह्या निमित्ताने आवरतात का बघू,” ती म्हणाली आणि दंतवैद्यांची बोटं एकेक करून कळांवर बसवू लागली. मला ह्यावर खूप काही बोलायचं होतं. पण विद्यार्थ्यासमोर शिक्षकाशी वाद घालू नये एवढी रीत मला कळते.

बोटं बसली. दंतवैद्य म्हणाले, “आता काय बघून टाइप करू?”

“माझी पुस्तिका आहे,” मी पुढे झालो. “‘झाकण नीट बसले आहे—’”

“काहीतरी सोपं हवं,” ही म्हणाली. “चार ओळींचं.”

तेव्हा मला सुचलं. मी मागची खिडकी पुढे घेतली, ती बाजूला सरकवून अर्ध्या पडद्यावर बसवली आणि पट्टी धरून थेट तळाला गेलो. एवढ्या गर्दीत एका फटक्यात. त्या आठवड्यात मला काही एक धड जमलं असेल तर ते हे. फाईल उघडली. चार ओळी. ‘वेळ :’पाशी संपलेल्या.

हिने वाचल्या. मग माझ्याकडे बघितलं. मंगळवारनंतर पहिल्यांदा.

“अजून आहे ही?”

“तू म्हणाली होतीस, उघडी असू दे.”

दंतवैद्यांच्या खुर्चीची पाठ तिने घट्ट धरली होती. मग म्हणाली, “हं, हे बघून लिहा. खाली बघायचं नाही.”

दंतवैद्य लिहू लागले. टंकलेखन शिकवले जाईल. एकेका अक्षराला दाढ काढायला लागतो तितका वेळ लागत होता, पण ते खाली बघत नव्हते. मुलांना, मोठ्यांना. म्हाताऱ्यांनाही ह्या शब्दावर सासरे मागून खाकरले. दहाही बोटांनी. मग ते थांबले.

“वेळ, आणि पुढे काही नाहीच?”

“लिहा,” ही म्हणाली. “शनिवार, सकाळी अकरा.”

त्यांनी लिहिलं. सबंध पाटी त्यांच्या पांढऱ्या पडद्यावर उभी राहिली, दोन चुकांसकट. ह्या बाजूला जुनी अर्धी तशीच होती. हिने हात पुढे केला आणि जुनीच्या फुलीवर टिचकी मारली. मधोमध तो चौकोन आला. ‘जतन करायचे का?’

मी खिशात हात घातला, कागद होता तिथे. ही काय दाबणार ह्याबद्दल मला शंका नव्हती. तीन वर्षं मी ही फाईल राखली होती.

तिने ‘नाही’ दाबलं. डोळ्याचं पातं लवायच्या आत.

“अगं!”

“अहो, पाटी कशाला आता?” ती म्हणाली. “वर्ग चालू झालाय.”

आमच्या घरात बंद झालेली ही पहिली फाईल. मला गलबलून आलं, आणि नेमक्या त्याच क्षणी मागून काठी आपटली.

“जुळलं!” सासरे ओरडले. ते पडद्याचा खालचा कोपरा आणि हातातला कागद आळीपाळीने बघत होते. “पडद्यावर तेवढ्याच, यादीत तेवढ्याच! गेली ती! बाहेरून घुसलेली तीच होती!” यादीतली एक ओळ आता कमी करायला हवी, हे त्यांना सांगायची हिंमत कोणालाच झाली नाही. त्यांनी कागदावर सही केली, तारीख घातली आणि ही बातमी द्यायला, भांडण विसरून, कठड्याला धरत ग्रंथपालांकडे वर निघाले.

तास संपला. दंतवैद्य उठले, बोटं मोडली, मला सोमवारी दाढ घेऊन यायला सांगितलं. मग शहाण्या विद्यार्थ्यासारखं त्यांनी आपण लिहिलेली फाईल आवरायला माऊस हातात घेतला आणि बाण फुलीवर नेला.

“राहू द्या,” ही घाईघाईने म्हणाली. “ती उघडीच असू दे.”